महाराजांचा जन्म मंगळवारी? पायथन म्हणतंय!

माझी एक मैत्रीण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून तिच्या ग्रुपनं 'दिनविशेष' दाखवणारं छोटं अॅप केलं. तारीख निवडली की त्या दिवशीची घटना आणि तेव्हाचा वार दिसणार, एवढंच. डेमोच्या दिवशी सरांनी साहजिकच शिवजयंती निवडली. स्क्रीनवर आलं : 19 फेब्रुवारी 1630, मंगळवार. मागच्या बाकावरून लगेच आवाज, "काय भावा, महाराजांचा वार चुकीवलास व्हय?"

बोलणाऱ्याचं बरोबर होतं. जेधे शकावलीत महाराजांच्या जन्माची नोंद शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी आहे. कोल्हापुरात राहायचं, रोज शिवाजी चौकातून कॉलेजला जायचं आणि हा वार चुकवायचा, म्हणजे लई अवघड काम!

पण ग्रुपनं रात्रभर कोड तपासला, त्यात एकही चूक सापडली नाही. तुम्हीही करून बघा. पायथनला या तारखेचा वार विचारा, मंगळवारच सांगेल. आता लिनक्सवर 'कॅल' ही जुनी कमांड घ्या आणि फेब्रुवारी 1630 चं पान उघडा. तिथं 19 तारखेला शुक्रवार! एकच लॅपटॉप, एकच तारीख आणि वार दोन.

यामागे आहे कॅलेंडरचा जुना घोळ. युरोपात आधी ज्युलियन कॅलेंडर चालायचं. त्यात दर चार वर्षांनी न चुकता लीप वर्ष. पण त्यामुळे वर्ष सूर्याच्या हिशेबापेक्षा साधारण 11 मिनिटांनी लांबायचं, आणि शतकानुशतकं साचून हा फरक दिवसांवर गेला. म्हणून 1582 मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर आणला. इंग्लंडनं मात्र हे मानायला 1752 साल उजाडू दिलं. तिथं त्या वर्षी 2 सप्टेंबरला झोपलेली माणसं 14 सप्टेंबरला उठली. ('कॅल'मध्ये सप्टेंबर 1752 जरूर बघा, मधले 11 दिवस गायब आहेत.)

आपली 19 फेब्रुवारी ही शकाच्या तिथीवरून ज्युलियन पद्धतीनं काढलेली तारीख आहे. तोच दिवस ग्रेगोरियनमध्ये मोजला तर येतो 1 मार्च 1630, आणि वार शुक्रवारच. 'कॅल' 1752 च्या आधी ज्युलियन वापरते, म्हणून तिचं उत्तर जुळलं. पायथन मात्र आजचंच कॅलेंडर सन 1 पर्यंत मागे ताणतं. त्याला कुणी सांगितलंच नाही की ही तारीख दुसऱ्या कॅलेंडरातली आहे. म्हणजे पायथन खोटं बोलत नव्हतं आणि शकावलीही नाही. इतर सॉफ्टवेअरनी यावर आपापली पळवाट काढलीय. एसक्यूएल सर्व्हरचा जुना 'डेटटाइम' प्रकार 1 जानेवारी 1753 च्या आधीची तारीख घेतच नाही. एक्सेल तर 1900 च्या आधीचं काही ओळखत नाही, आणि कधीच न आलेली 29 फेब्रुवारी 1900 मात्र बिनधास्त दाखवतं!

आता तुम्ही म्हणाल, शिवकाळातलं अॅप करतंय कोण? बरं, मग फुटबॉलचं ऐका.

याच मैत्रिणीनं कॉलेजच्या आंतरविभागीय स्पर्धेसाठी ऑनलाइन फॉर्म केला होता. नियम होता : जन्म 1 जुलै 2001 किंवा त्यानंतरचा. एका पोराचा जन्म नेमका 1 जुलैचा. फॉर्म त्यानं नीट भरला, स्क्रीनवर तारीखही नीट दिसली, पण पात्र खेळाडूंच्या यादीत नाव नाही. डेटाबेसमध्ये त्याचा जन्म झाला होता 30 जूनला. पेठेत लहानपणापासून फुटबॉल खेळलेला पोरगा कॉम्प्युटरनं एका दिवसानं म्हातारा केला.

झालं काय, तर जावास्क्रिप्टनं निवडलेली तारीख 'रात्री 12 वाजता, भारतीय वेळेनं' अशी धरली. सर्व्हरकडे पाठवताना ती यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत बदलली. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे 1 जुलैचे रात्रीचे 12 वाजतात तेव्हा तिथं अजून 30 जूनची संध्याकाळ, साडेसहा. सर्व्हरनं वेळ कापली आणि फक्त तारीख ठेवली. 30 जून! न्यूयॉर्कला बसून हाच कोड चालवला तर चूक दिसणार नाही, कारण ते यूटीसीच्या मागे आहेत. तिथं 1 जुलैच्या मध्यरात्री यूटीसीमध्येही 1 जुलैच असते. परदेशी ट्युटोरियलमधून जसाच्या तसा उचललेला कोड आपल्याकडे असा फसतो. (आणि हो, रिकाम्या जागी 1 जानेवारी 1970 दिसली तर घाबरू नका. युनिक्सचं घड्याळ तिथून सुरू होतं, कुठंतरी शून्य शिरलाय एवढंच.)

मला विचाराल तर यातली खरी गोची तांत्रिक नाहीच. जन्मतारीख ही 'वेळ' नव्हे. तुमचा वाढदिवस मुंबईत, दुबईत, लंडनमध्ये तोच असतो. तिला तासाला जोडून टाइमझोन लावायची गरजच नाही. वर्ष, महिना, दिवस जसे लिहिले तसे ठेवायचे. उलट मॅचची किक-ऑफ, परीक्षेची लिंक बंद होण्याची वेळ, पैसे भरल्याची वेळ हे खरे क्षण. ते यूटीसीमध्ये साठवायचे आणि दाखवताना 'एशिया/कोलकाता' झोन लावायचा. 'मुंबई' किंवा 'दिल्ली' शोधत बसू नका, यादीत भारतासाठी कोलकाताच आहे.

पोराचं नाव यादीत परत आलं, पण तोवर त्याच्या विभागाची पहिली मॅच होऊन गेली होती. मैत्रीण अजून त्याच्यासमोरून जाताना मान खाली घालते. दिनविशेष अॅपमध्ये आता प्रत्येक नोंदीपुढं एक जास्तीचा रकाना आहे : 'कोणतं कॅलेंडर?' महाराजांच्या पानावर आधी शके 1551 ची तिथी येते, मग 19 फेब्रुवारी, कंसात ज्युलियन, आणि खाली शुक्रवार. मागच्या बाकावरच्यानं तेवढं तपासूनच घेतलं.