शारीरिक मर्यादा आणि ठासणीच्या बंदुकीची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
ज्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासावी लागते, तिला मराठीत ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. कोकणातील शेतकऱ्यांना पीकसंरक्षणासाठी मिळणाऱ्या परवान्यांमुळे हा शब्द महाराष्ट्रात परिचित आहे. अमेरिकेत या बंदुकीचा वापर मुख्यतः नेमबाजी व शिकार यांसाठी होतो. तेथील ‘नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन’ ही संस्था १९३३ साली स्थापन झाली असून इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी तिच्या स्पर्धा भरतात. हा छंद अनेकजण उतारवयापर्यंत जोपासतात. सांधेदुखी, खांद्याची दुखापत, क्षीण दृष्टी अशा मर्यादा असलेल्या व्यक्तीने बंदूक कोणत्या निकषांवर निवडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. वजन व धक्का :
हलकी बंदूक दुर्बल व्यक्तीस सोयीची, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळी व वायू पुढे जाताना बंदूक मागे ढकलली जाते आणि भरणा समान असल्यास धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. उदाहरणार्थ, ०.५० कॅलिबरच्या बंदुकीतील ११.५ ग्रॅमची वाटोळी गोळी सेकंदाला ५५० मीटर वेगाने सुटली, दारू ४.५ ग्रॅम असली आणि वायूचा वेग ६०० मीटर मानला, तर ४ किलोच्या बंदुकीचा धक्का सुमारे १० ज्यूल, तर ३ किलोच्या बंदुकीचा सुमारे १३.५ ज्यूल येतो. त्याच ३ किलोच्या बंदुकीत २४ ग्रॅमची लांबट गोळी ५.८ ग्रॅम दारूने ४३० मीटर वेगाने सोडल्यास धक्का सुमारे ३२ ज्यूलपर्यंत जातो. म्हणजेच बंदुकीच्या वजनापेक्षा भरण्याचा परिणाम मोठा आहे. ज्याला जड बंदूक पेलवत नाही, त्याने हलकी बंदूक घ्यावी. मात्र लहान कॅलिबर, वाटोळी गोळी व कमी दारू यांची जोड तिला द्यावी. ज्याचा खांदा दुखतो पण ज्याला टेकू घेऊन बसता येते, त्याला जड बंदूकच हितकारक ठरते.

२. ठासण्याचे श्रम :
निवड करताना हा मुद्दा बहुधा दुर्लक्षित राहतो. गोळी दारूवर पूर्णपणे टेकलेली असणे अत्यावश्यक असते. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचा धोका संभवतो. त्यामुळे मनगटातील ताकद हा येथे केवळ सोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. प्रत्येक बारानंतर नळीत काजळी साचते व पुढची गोळी अधिक घट्ट जाते. यावर किंचित लहान गोळी, पातळ चिंधी, रुंद मुठीचा गज आणि दोन बारांमध्ये नळी पुसणे हे उपाय आहेत. गोळी तळाशी टेकल्याची खूण गजावर केलेली असावी.

३. नळीची लांबी :
पेनसिल्व्हेनियातील परंपरागत लांब रायफलीची नळी शंभर सेंटिमीटरहून अधिक असू शकते. बुटक्या अथवा चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या व्यक्तीला ती भरताना तोंड नळीसमोर येण्याचा धोका असतो. अशांसाठी साठ ते सत्तर सेंटिमीटरची नळी योग्य होय.

४. बोटे, हात व डोळे :
टोपीच्या बंदुकीतील लहान टोपी जेमतेम चार-पाच मिलिमीटरची असते. बधिर वा कंप पावणाऱ्या बोटांना ती बसविणे कठीण जाते. मोठी टोपी किंवा टोपी बसविण्याचे साधन वापरल्यास ही अडचण दूर होते. चकमकीच्या बंदुकीत टोपी नसते, परंतु कानातील रंजकाचा भडका उडतो. नेहमीच्या बंदुकीचा कान उजव्या बाजूस असतो. म्हणून डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याने डाव्या बाजूची कळ असलेली बंदूक घ्यावी.
वयानुसार जवळचे दिसणे कमी झाल्यास मागील खाच अस्पष्ट दिसते. खाच पुढे सरकविणे किंवा छिद्राची नेमखूण बसविणे हे त्यावरील उपाय होत. अमेरिकेतील काही राज्यांत या बंदुकीच्या खास हंगामात दुर्बिणीला मनाई आहे. म्हणून खरेदीपूर्वी स्थानिक नियम पाहणे इष्ट ठरते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, ठासणीच्या बंदुकीची निवड केवळ बार काढण्याच्या क्षणावरून करणे योग्य नाही. उचलणे, भरणे, ठासणे, नेम धरणे व साफ करणे या पाचही क्रिया व्यक्तीने स्वतः, रिकाम्या बंदुकीवर, जाणकाराच्या देखरेखीखाली करून पाहाव्यात. ज्या क्रियेत शरीर अडते, तिच्यावरूनच निवड ठरवावी. गोळी तळापर्यंत ठासता येत नसेल, तर बंदूक कितीही हलकी वा नावाजलेली असली तरी ती त्या व्यक्तीसाठी अयोग्यच समजावी.