पवईची वर्कशॉप आणि पाटोद्याची गाडी

पाटोदा तालुक्यातल्या शाळेत एखाद्या पोराचा हात चित्रकलेत चांगला असला, की त्याला पुढचं सांगणारे बरेच भेटतात. एलिमेंटरी दे, इंटरमिजिएट दे, दहावीला वाढीव गुण मिळतील. मग एटीडी कर, ड्रॉइंग मास्तर हो. घरची ऐपत असेल तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कला महाविद्यालय, नाहीतर थेट मुंबईचं जेजे. हत्याराची, यंत्राची आवड असलेल्या पोराला आयटीआयचा फिटर नाहीतर वेल्डर ट्रेड दाखवतात, आणि तिथून वाळूज किंवा चाकण. दोन्ही आवडी एकाच पोरात असल्या तर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. अशा पोरांसाठीचं शिक्षण महाराष्ट्रात १९६९ पासून आहे. त्याला इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात, आणि ते कोण कोणाकडून शिकलं याचा माग काढायचा तर पवईपासून सुरुवात करावी लागते.

पवईच्याही आधी थोडं. केंद्र सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं भारतभर हिंडलं आणि १९५८ मध्ये त्यांनी एक छोटासा अहवाल दिला. त्यात आपल्या साध्या लोट्याचं मोठं कौतुक आहे: त्याचा आकार, वजन, हातात बसणं, पाण्याची धार, किंमत, मोडीत घातल्यावर मिळणारे पैसे, सगळ्याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या कसा होत आला असेल, असा. त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. आठ वर्षांनी मुंबईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी, सुरू झालं. त्यामागे होते सुधाकर नाडकर्णी. जर्मनीतल्या उल्मच्या प्रसिद्ध डिझाइन शाळेत ते शिकले होते. तिथे असताना त्यांनी अभ्यासाला घेतलेला विषय होता मुंबईचं दूध केंद्र. परदेशात बसून आपल्या गल्लीतल्या रांगेचा विचार करणारा हा माणूस पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतही डिझाइन विभाग उभा करायला गेला.

आयडीसीच्या सुरुवातीच्या बॅचची अडचण आज सांगितली तर खरी वाटणार नाही. शिकायला विद्यार्थी होते, शिकवायला नाडकर्णींसारखे लोक होते, पण ज्यात उमेदवारी करावी असा धंदाच देशात नव्हता. रस्त्यावरची अ‍ॅम्बेसेडर ही मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी ही फियाट, बजाजची स्कूटर व्हेस्पाच्या वळणाची. ड्रॉइंग परदेशातून यायचं, कारखाना ते उतरवायचा. वस्तू घ्यायला ग्राहक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेला. मग तिचा मुठीचा भाग सुधारायला कोण कशाला पैसे मोजेल? त्यामुळे पहिली वीसेक वर्षं मास्तर आणि व्यावसायिक ही दोन्ही कामं एकाच माणसाला करावी लागली. मला तर वाटतं, त्यात पोरांचं भलंच झालं. वर्गात शिकवणाराच बाहेरचं काम अंगावर घेई, आणि ते काम विद्यार्थ्यांच्या टेबलावर येई.

र. कृ. जोशींचं उदाहरण त्यातलंच, जरी त्यांचा प्रांत अक्षरांचा. उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक म्हणून नाव कमावल्यावर ते ऐंशीच्या दशकात आयडीसीत शिकवायला आले. संगणकावर मराठी टाइप करणाऱ्या बहुतेकांनी ज्याच्यावर कधीतरी बोट ठेवलंय तो ‘मंगल’ फाँट त्यांचा. दुसरीकडे ए. जी. राव बांबूत शिरले. त्यांच्या नादाने पवईत एक बांबू स्टुडिओच उभा राहिला. बांबूचं काम शिकायचं तर डिग्रीवाल्याकडून शिकता येत नाही. कांब कुठे चिरायची, गाठ कुठे ठेवायची, किती दिवस भिजवायची हे बुरुडाला ठाऊक. डिझाइनच्या पोराला त्याच्या शेजारी मांडी घालून बसावंच लागतं.

मग १९९१ आलं आणि बाजार खुला झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८९ मध्ये, एनआयडीतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी पुण्यात एलिफंट डिझाइन सुरू केलं होतं. पेपर बोट या सरबताच्या पाकिटाचं रूप पुढे त्यांच्याच हातून आलं. हळूहळू पुण्यात असे स्टुडिओ वाढले, मोटार कंपन्यांनी स्वतःचे डिझाइन विभाग थाटले. टाटांच्या १९९८ मध्ये आलेल्या इंडिकाला इटलीच्या संस्थेची मदत घ्यावी लागली होती. पण त्यामागची तयारी इथल्या लोकांनीही पाहिली, हात मळवून पाहिली. आता विद्यार्थ्याला उन्हाळ्याच्या सुटीत जाऊन बसायला जागा मिळाली. तिला इंटर्नशिप म्हणतात. आपल्याकडच्या गॅरेजवाल्याने तिला उमेदवारीच म्हटलं असतं.

या उमेदवारीत नेमकं काय शिकतात? एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. विद्यार्थ्याने मिक्सरचं प्लास्टिकचं झाकण रेखाटलंय, कागदावर देखणं दिसतंय. स्टुडिओतला जाणता माणूस त्याला भोसरीच्या टूलरूममध्ये धाडतो. तिथला साचेवाला झाकणाची उभी भिंत पाहून पहिला प्रश्न करतो: साच्यातून हे निघणार कसं? भिंत अंशभर तरी तिरकी हवी, त्याला ड्राफ्ट म्हणतात. नाहीतर वस्तू साच्याला धरून बसते आणि ओरखडे पाडत निघते. मग आतल्या बाजूच्या मजबुतीच्या पट्ट्या, म्हणजे रिब. पोराने त्या भिंतीइतक्याच जाड ठेवलेल्या असतात, जास्त मजबूत होतील म्हणून. साचेवाला मान हलवतो. रिब भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवायची. जाड ठेवली तर त्या जागचं प्लास्टिक उशिरा निवतं, आकसतं, आणि बाहेरच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगी पडते. दुकानात गिऱ्हाईक ती खळगी बोटाने चाचपतं आणि मिक्सर परत ठेवतं. पुस्तकात हे सगळं आहे. पण साचेवाल्याने कोपऱ्यातून फुकट गेलेला माल काढून हातात ठेवला की पोरगा पुढचं झाकण वेगळं काढतो.

मोटारीच्या स्टुडिओत अशीच जागा क्ले मॉडेलरची. खऱ्या मापाची गाडी मातीत घडवणारा हा कारागीर. संगणकावर न दिसलेला फुगवटा तो तळहात फिरवून सांगतो.

माणसाच्या मापाचीही एक गोष्ट आहे. खुर्ची, मूठ, पायरी यांची मापं कित्येक वर्षं परदेशी तक्त्यांवरून घेतली जात. देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय शरीरमापांचं पुस्तक एनआयडीने १९९७ मध्ये काढलं. आयडीसीतही गौर गोपाल राय यांनी हाच विषय लावून धरला. आपल्या माणसाचा कोपर किती उंचीवर येतो, हे आपल्या विद्यार्थ्याला कळायला स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षं लागली.

पुढचं पटकन सांगण्यासारखं आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय डिझाइन धोरण आलं. २०१० मध्ये आयडीसीच्याच उदय कुमार यांनी काढलेलं रुपयाचं चिन्ह देशाने स्वीकारलं आणि डिझाइन शिकूनही काही होतं हे लोकांना कळलं. २०१५ पासून आयडीसीत बारावीनंतरचा बी.डेस. सुरू झाला, त्यासाठी यूसीड ही परीक्षा आली. पुण्यात खाजगी संस्था त्याआधीच निघाल्या होत्या, त्यांची फी लाखांत. आणि परीक्षा आली तसे क्लासही आले. चकचकीत पोर्टफोलिओ तयार करून देणारे क्लास मला पटत नाहीत. त्यांतून निघालेले पोर्टफोलिओ एकसारखे असतात: तीच पाण्याची बाटली, तोच टेबललॅम्प, तेच स्केच मार्करने रंगवलेलं. जिथे मुलाखत असते तिथे ती घेणारा ते दोन मिनिटांत ओळखतो आणि विचारतो, तू स्वतः काय मोडून बघितलंस, काय दुरुस्त केलंस? गावाकडच्या पोराजवळ या प्रश्नाचं उत्तर असतं, फक्त ते कागदावर नसतं. शिवाय यूसीडचा पेपर इंग्रजीत. आयडीसीने डी-सोर्स नावाने डिझाइनचं शिक्षण इंटरनेटवर फुकट खुलं केलंय, त्यात कारागिरांची कामं टप्प्याटप्प्याने टिपलेली आहेत. तेही मुख्यतः इंग्रजीत.

पोर्टफोलिओसाठी पाटोद्यात विषयांची वानवा नाही. बालाघाटाच्या या डोंगरपट्ट्यात मांजरा उगम पावते, पण तिचं पाणी पुढच्यांना. इथली माणसं दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांची टायरगाडी नीट बघा. दोन चाकं, मध्ये आख, वर दोन-अडीच टन ऊस. ओझं पुढे झालं की जू बैलांच्या मानेवर बसतं. मागे झालं की जू वर उचलतं आणि जुपणी गळ्याला आवळते. म्हणून गाडीवान मोळ्या रचताना सारखा मागेपुढे बघतो, एखादी मोळी हातभर सरकवतो, जू दाबून पाहतो. फडातून बांधावर चढताना आणि उतारावर हा तोल पुन्हा बिघडतो. गुरुत्वमध्य हा शब्द त्याने ऐकलेला नसेल, पण रोज पहाटे तो तेच जमवत असतो.

या गाडीचा प्रश्न मोठ्या लोकांनी घेतला नाही असं नाही. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी सुधारावी म्हणून अनेक वर्षं घालवली. पण २०२२ मध्ये ज्याची चर्चा झाली ते काम विद्यार्थ्यांचं. इस्लामपूरजवळच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पोरांनी जुवाखाली पुढच्या बाजूला एक जादा चाक बसवलं. बैलांच्या उंचीप्रमाणे ते खालीवर करता येतं, मानेवरचा भार चाकावर जातो. नाव दिलं ‘सारथी’. ही पोरं डिझाइनची नव्हती, ऑटोमोबाइल इंजिनीअरिंगची होती. पण त्यांचं कॉलेज राजारामनगरात, साखर कारखान्याच्या शेजारी. हंगामात उसाच्या गाड्या दारावरूनच जाणार. पवईच्या एम.डेस.च्या, म्हणजे पदव्युत्तर वर्गाच्या, विद्यार्थ्याला असा विषय शोधायला महिनाभर फिरावं लागतं.

मला त्या चाकाइतकंच त्याच्या पुढचं काम महत्त्वाचं वाटतं. शेताच्या भेगाळ जमिनीत ते छोटं चाक रुततं का, वळताना अडतं का, बैल बुजतात का, पंक्चर झालं तर रानात कोण काढणार, आणि त्याचा खर्च कारखान्याने करायचा की आधीच उचलीत बुडालेल्या गाडीवानाने? यांतल्या एकेका प्रश्नावर एम.डेस.चा एकेक प्रकल्प होऊ शकतो, आणि प्रत्येकाची उत्तरं गाडीवानाकडे बसूनच मिळतील, तीही तो कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, परतल्यावर, दमलेला असताना, वैरणीचं वाढं बैलांपुढे टाकता टाकता. या कामाची घाई आहे, कारण कारखाने आता तोडणी यंत्रांकडे वळताहेत. यंत्राला सरींमधलं अंतर जास्त लागतं, लहान तुकड्यात ते वळत नाही, म्हणून अजून काही हंगाम गाड्या आणि कोयते राहतील. यंत्रं पूर्ण आली की त्यांच्या केबिनमध्ये कोण बसणार, आणि ते चालवायला पाटोद्याच्या आयटीआयत कोणता ट्रेड सुरू करणार, हा प्रकल्प आजपासूनच कुणीतरी घ्यायला हरकत नाही.