सुट्टीची पिशवी : घरातल्या प्रत्येकासाठी एक पुस्तक

सेमिस्टर संपलं. केटीचं टेन्शन निकालापर्यंत गुंडाळून माळ्यावर टाकलंय. तिकीट कन्फर्म झालं तर गाव, नाहीतर लोअर परळलाच फॅनखाली. अशा वेळी मोबाइलवर 'सुट्टीत वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तकं' छाप रील्स सुरू होतात. बराक ओबामासुद्धा दर उन्हाळ्यात आपली यादी जाहीर करतात. तुम्ही यादी सेव्ह करता आणि ती सेव्हच राहते. कारण सोपं आहे. यादी करणाऱ्याला तुमचं घर माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे.

म्हणून यंदा यादी तुम्हीच करा, आणि फक्त स्वतःची नको, घरातल्या सगळ्यांची. 'सर्वोत्तम' पुस्तकाच्या मागे लागू नका. कोण वाचणार, कधी वाचणार आणि किती वेळ बसणार, एवढंच आधी बघा.

स्वतःसाठी : एका बैठकीत संपेल असं

वर्षभर नोट्स आणि पीडीएफ वाचून डोकं शिणलेलं असतं. त्यात पाचशे पानी कादंबरी उचललीत तर साठाव्या पानावर बुकमार्क अडकणार. मराठी वाचायचा सराव सुटला असेल तर नाटकापासून सुरुवात करा. संवाद असतात, पानं भराभर उलटतात. जयंत पवारांचं 'अधांतर' घ्या. संपानंतरच्या एका गिरणी कामगार कुटुंबाची ही गोष्ट. 2010 साली आलेला 'लालबाग परळ' हा सिनेमा याच नाटकावर आधारलेला आहे. चटक लागली तर पवारांचाच 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह. त्याला 2012 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ज्या रस्त्यांवरून तुम्ही रोज कॉलेजला जाता, त्यांच्याकडे बघायची नजर बदलेल.

आईसाठी : कुठेही सोडता येईल असं

आईला सलग दोन तास कधी मिळतात? कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या मध्ये जे वाचून होईल, तेच तिचं वाचन. त्यामुळे तुकड्यातुकड्यांत वाचता येणारं पुस्तक हवं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' जवळपास नव्वद वर्षं जुनी आहेत, पण त्यातला विनोद अजून ताजा आहे. दुसरं नाव कृष्णाबाई सुर्वे यांच्या 'मास्तरांची सावली'चं. नारायण सुर्वे कवी म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण हे पुस्तक त्यांच्या पत्नीचं आहे. आपल्या आईच्या, आजीच्या ओळखीच्या कितीतरी गोष्टी त्यात सापडतील. चष्म्याचा कंटाळा असेल तर स्टोरीटेलसारख्या ॲपवर मराठी ऑडिओबुक्स लावून द्या. ऐकणं हेही वाचनच.

बाबांसाठी : प्रवासात पुरेल असं

बाबा 'वेळ नाही' म्हणतात, पण व्हॉट्सॲपवरचे लांबलचक फॉरवर्ड शेवटपर्यंत वाचतात. म्हणजे वाचायची सवय आहे, फक्त मजकूर बदलायचा आहे. गाव कोकणात असेल तर श्री. ना. पेंडसे यांची 1952 ची 'गारंबीचा बापू' बॅगेत टाका. लेखक दापोलीकडचे, नोकरी मुंबईत बेस्टमध्ये. म्हणजे आपल्यासारखेच एक पाय इथे, एक तिथे. गाव घाटावर असेल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. लहानशी कादंबरी आहे, एसटीच्या प्रवासात बरीचशी उरकेल.

धाकट्यांसाठी : उपदेश नसलेलं

'मोबाइल ठेव आणि वाच' म्हणून हातात दिलेलं पुस्तक शिक्षाच वाटतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा मराठीत आलेल्या सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या कथा द्या. पहिलं प्रकरण तुम्ही वाचून दाखवा आणि नेमकं रहस्याच्या जागी थांबा. पुढचं काम ते पुस्तक करतं. भावंडं इंग्रजी माध्यमात असतील, जोडाक्षरांवर अडखळत असतील, तर माधुरी पुरंदरे यांच्या चित्रांच्या पुस्तकांपासून सुरुवात करा. बजेट शून्य असेल तरी बालभारतीचं 'किशोर' आहेच. 1971 पासून निघणाऱ्या या मासिकाचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात.

आजोबांसाठी : ज्यावर ते तुम्हाला थांबवतील असं

या पिशवीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं पुस्तक. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या वेळी पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या घरात आहे. आपल्यातल्या अनेकांच्या घरात तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेला असतो, आणि आपण त्याला फक्त 'जेवलात का?' एवढंच विचारतो.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन मौखिक इतिहास लिहिला. तो मराठीत 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' या नावाने आहे. पुस्तक जाडजूड आहे, पण ते पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. मोतीबिंदूमुळे आजोबांना बारीक अक्षर दिसत नसेल तर उत्तमच, तुम्ही वाचा. कुठल्याही एका माणसाचं बोलणं काढा आणि मोठ्याने सुरू करा. आमच्याकडे दुसऱ्याच पानावर आजोबांनी हात वर केला. 'थांब. आमच्या खात्यात काय व्हायचं सांगतो.' मग पाळी, भोंगा, साचे, बदली कामगार, खानावळ असं तासभर चाललं. पुस्तक मांडीवर तसंच उघडं राहिलं. ते वाचून संपलं नाही याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. तुम्ही एक करा, फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. अशा प्रत्येक सुट्टीत सांगणारी माणसं कमी होत जातात.

पण पुस्तकं आणायची कुठून?

सगळी विकत घ्यायची तर खिशाला भोक पडेल. लोअर परळहून दादर दोन स्टेशनांवर. तिथे दादर सार्वजनिक वाचनालय आहे, आणि पूर्वेला शारदा टॉकीजच्या इमारतीत 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. घरात एकाने सभासद व्हायचं आणि पाळीपाळीने सगळ्यांसाठी पुस्तकं बदलून आणायची. विकत घ्यायचीच तर दादरची पुस्तकांची दुकानं पालथी घाला. आणि चाळीतून टॉवरमध्ये सामान हलवत असाल तर माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा सोडून बघा. 160 चौरस फुटांच्या खोलीत ज्याने पुस्तक जपलं, त्याने ते उगाच जपलेलं नसणार.

जाता जाता, स्टेशनबाहेरच्या रस्त्याच्या पाटीवरचं नाव वाचा : ना. म. जोशी मार्ग. या जोशींनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. कष्टकऱ्यांसाठी शाळा काढणं, वाचनालयं चालवणं ही तिची कामं होती. दिवसभर यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसालाही वाचायला मिळालं पाहिजे, असं या भागात कुणाला तरी शंभर वर्षांपूर्वी वाटलं होतं. आपल्याला तर अख्खी सुट्टी आहे. तर मग या रविवारी पिशवी घ्या आणि दादर गाठा. पहिलं पुस्तक कुणाचं आणायचं, हे घरी विचारूनच निघा.