‘हॅव’ म्हणजे नुसतं ‘उण्डु’ नव्हे

केरळमधल्या अनेक परिचारिका परदेशातल्या नोकरीसाठी ओईटी ही आरोग्यसेवकांची इंग्रजी परीक्षा देतात. तीत एका रुग्णाची टिपणं वाचून त्याच्याविषयी पत्र लिहायचं असतं. रुग्णाला ताप आहे, त्याला दोन मुलं आहेत, त्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्याला पथ्य पाळावं लागेल. या चारही गोष्टी सांगायला इंग्रजीत ‘हॅव’ हे एकच क्रियापद चालतं. एवढ्याशा शब्दावर मल्याळी विद्यार्थी वारंवार अडखळतात, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा त्यांना चुकीचं सांगितलं जातं.

सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे ‘हॅव’चा मलयाळम अर्थ ‘उण्डु’. शाळेत हेच पाठ करून घेतात. प्रत्यक्षात ‘उण्डु’ म्हणजे ‘आहे, अस्तित्वात आहे’. ‘एनिक्कु रण्डु मक्कळुण्डु’ या वाक्यात मुलं हा कर्ता आहे आणि ‘एनिक्कु’ म्हणजे ‘मला’. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण आपणही ‘मला दोन मुलं आहेत’ असंच म्हणतो. पैशांचं म्हणाल तर मल्याळी माणूस ‘एन्टे कैयिल् पणमुण्डु’ म्हणतो, माझ्या हातात पैसे आहेत. आपण ‘माझ्याकडे’ म्हणतो. मुलं ‘मला’ आणि पैसे ‘माझ्याकडे’ हा भेद दोन्ही भाषा पाळतात. इंग्रजी तो पाळत नाही. मुलं, पैसे, ताप, वेळ, शंका, सगळ्याचा मालक ती कर्त्याच्या जागी बसवते. तापाच्या बाबतीत तर मलयाळममध्ये ‘उण्डु’इतकंच ‘आणु’ हे दुसरं क्रियापदही चालतं : ‘एनिक्कु पनियाणु’. म्हणजे एका शब्दाला एक शब्द हे समीकरण पहिल्याच आजारात मोडतं. विद्यार्थ्याला शिकवायला हवी ती वाक्याची उलटापालट : ‘मला’चा ‘मी’ करायचा आणि जी वस्तू कर्ता होती तिला कर्म करायचं.

यावरून कुणी म्हणतं की ज्या भाषेत मालकीचं क्रियापदच नाही ती भाषा अपुरी. हे साफ खोटं आहे. रशियन, आयरिश, हिंदी, तमिळ, मराठी, कुणाकडेही रोजच्या बोलण्यात ‘हॅव’सारखं क्रियापद नाही आणि कुणाचंही अडत नाही. संस्कृतात ‘मम पुत्रः अस्ति’ म्हणत. लॅटिनमध्ये तसं क्रियापद होतं, तरीही ‘मला पुस्तक आहे’ अशी रचनाही सर्रास चाले. जाता जाता आणखी एक : ‘हॅव’ आणि त्याच अर्थाचं लॅटिन ‘हाबेरे’ दिसायला सख्खे वाटतात, पण ते एका मुळातले नाहीत. ‘हॅव’चं खरं नातं ‘पकडणे’ या अर्थाच्या लॅटिन ‘कापेरे’शी आहे.

‘पेशंट इज हॅविंग फीवर’ ही खास मल्याळी चूक, असंही मानतात. ती पुण्यात, पाटण्यात, चेन्नईतही तितकीच ऐकू येते. प्रमाण इंग्रजीत ‘हॅव’ स्थिती दाखवत असेल, तेव्हा त्याला ‘-इंग’ लागत नाही. म्हणून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ खटकतं. मात्र ‘हॅविंग’ नेहमीच चूक, हा त्यावरचा उपायही तितकाच चुकीचा आहे. चहा घेणं, जेवणं, बाळंत होणं या घडणाऱ्या गोष्टी आहेत, तिथे ‘हॅविंग’ बिनधास्त वापरावं. छातीत आत्ता कळा येत असतील तरीही ते चालतं.

‘शी हॅव’ लिहिणाऱ्या मुलीला निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मलयाळममध्ये मी, ती आणि ते, तिघांनाही ‘पोकुन्नु’ एवढंच पुरतं. आपण जातो, जाते, जातात करतो, तमिळही प्रत्यय बदलते. मलयाळमने मात्र ते प्रत्यय काळाच्या ओघात सोडून दिले. ‘केरळपाणिनी’ म्हणून ओळखले जाणारे ए. आर. राजराजवर्मा यांनी ‘केरळपाणिनीयम्’ या 1896 च्या व्याकरणात मलयाळमला तमिळपासून वेगळं करणारी जी सहा लक्षणं सांगितली, त्यांत पुरुषभेद गळून जाणं हे एक आहे. जिच्या भाषेत कर्ता पाहून क्रियापद बदलण्याची सवयच नाही, तिला ‘हॅज’ची वेगळी तालीम द्यावी लागते. रागावून काही साधत नाही.

सर्वांत जपायला हवं ते ‘हॅव टू’पाशी. ते ‘मस्ट’चंच दुसरं रूप आहे अशी समजूत असते. होकारात ती बहुतेक निभावते. मलयाळममध्ये ‘ञान् पोकणम्’ म्हणजे मी गेलंच पाहिजे आणि ‘एनिक्कु पोकणम्’ म्हणजे मला जायचंय. ‘पोकेण्डि वन्नु’ म्हणजे जावं लागलं. मराठीइतक्याच बारीक छटा तिथे आहेत. नकारात मात्र इंग्रजीची दोन्ही रूपं अगदी विरुद्ध दिशांना जातात. ‘डोन्ट हॅव टू’ म्हणजे गरज नाही, ‘मस्ट नॉट’ म्हणजे सक्त मनाई. मलयाळममध्ये हा भेद लख्ख आहे : औषधाबाबत ‘कऴिक्कण्डा’ म्हणजे घ्यायची गरज नाही, ‘कऴिक्करुतु’ म्हणजे घेऊ नका. तेव्हा मल्याळी परिचारिकेला हा फरक नव्याने समजावायचा नाहीच, कुठल्या इंग्रजी रूपाची कुठल्या मलयाळम रूपाशी जोडी लावायची तेवढं पक्कं करायचं आहे. गोळीच्या सूचनेत ही जोडी उलटली तर रुग्णाच्या जिवाशी खेळ होतो, म्हणून मी हा धडा ‘हॅविंग’च्या कितीतरी आधी शिकवीन.

आणि ‘हॅव’ला दरवेळी अर्थ असतोच, हेही खरं नाही. पूर्ण वर्तमानात ते नुसतं साहाय्यक असतं. गंमत अशी की इथे मलयाळमही ‘उण्डु’च वापरते : ‘ञान् पोयिट्टुण्डु’, मी गेलेलो आहे. एवढं साम्य असूनही कालावधी सांगताना वाट चुकते. ‘मून्नु दिवसमायि पनियाणु’ म्हणजे तीन दिवस ताप आहे; मलयाळम आणि मराठी दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. त्यामुळे कोट्टायमची विद्यार्थिनी आणि कोल्हापूरचा विद्यार्थी दोघंही ‘हॅज फीवर सिन्स थ्री डेज’ लिहून बसतात. इंग्रजीला तिथे ‘हॅज हॅड फीवर फॉर थ्री डेज’ हवं असतं. त्यातलं ‘हॅज’ काळ दाखवतं, ‘हॅड’ ताप असल्याचं सांगतं, आणि ‘सिन्स’ लागतं ते ताप सोमवारपासून आहे असं म्हणायचं असेल तर.