चेष्टा, मेंदू आणि अभ्यास : पक्षाघाताच्या चिकित्सेसंदर्भात

शरीरातील सर्व चेष्टांचा प्रवर्तक वायू होय, असे प्रतिपादन चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील वातकलाकलीय अध्यायात आले आहे. गती, प्रसारण, निमेष इत्यादी क्रिया व्यान वायूच्या अधीन मानल्या आहेत. आधुनिक चेताविज्ञानाने याच चेष्टांचा मेंदूतील मार्ग शोधून काढला आहे. चेष्टा कशी घडते आणि ती शिकली कशी जाते, हे नीट समजले की पक्षाघाताच्या रुग्णाकडून नेमके काय करून घ्यावे याचा उलगडा होतो. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

चेष्टा कशी घडते?

आपला केळापूर तालुका कापसाचा, म्हणून उदाहरण वेचणीचेच घेऊ. हात बोंडाकडे नेणे, बोटांच्या टोकांनी कापूस धरणे, बोंडाची वाळलेली टोके टोचू न देता तो ओढून घेणे आणि ओटीत टाकणे ही क्रिया दिसावयास साधी आहे. तथापि तिच्यामागे मेंदूच्या अनेक भागांचे सहकार्य असते.

मोठ्या मेंदूच्या पुढील भागातील प्रेरक क्षेत्रातून आज्ञा निघते व मेरुरज्जूमार्गे स्नायूंपर्यंत पोहोचते. वाटेत बहुसंख्य तंतू विरुद्ध बाजूस जातात. त्यामुळे डाव्या मेंदूतील विकृतीने उजवे अंग लुळे पडते. या क्षेत्रात हात व चेहरा यांना धडापेक्षा कितीतरी अधिक जागा लाभलेली आहे. त्वचा, सांधे, स्नायू व डोळे यांच्याकडून क्षणोक्षणी परत वार्ता येते. अपेक्षित हालचाल व प्रत्यक्ष हालचाल यांतील अंतर ओळखून ते दुरुस्त करण्याचे काम मुख्यतः लहान मेंदू करतो. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या सुमारे एक दशांश असला तरी मेंदूतील सुमारे ८० टक्के चेतापेशी त्यात असतात. योग्य चेष्टेची निवड व तिचा आरंभ यांत बेसल गँग्लिया या केंद्रकसमूहाचा वाटा मोठा असतो. तेथे डोपामिन उणे पडले की कंपवातात दिसणारी मंदता व ताठरता उद्भवते.

चेष्टा कशी शिकली जाते?

प्रथमच वेचणीस आलेली मुलगी प्रत्येक बोंडाकडे पाहून बोट ठेवते. चार हंगामांनंतर तिचे दोन्ही हात चालतात आणि शेजारणीशी बोलणेही चालते. प्रयत्न, चूक, दुरुस्ती व पुन्हा प्रयत्न या क्रमाने तिच्या मेंदूतील चेतापेशींचे परस्परसंबंध बदललेले असतात.

हे शिकणे प्रसंगाच्या स्मृतीहून वेगळे असते. एच.एम. या आद्याक्षरांनी प्रसिद्ध असलेल्या रुग्णाची १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नव्या प्रसंगांची स्मृती त्याच्या मनात टिकेनाशी झाली. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास सांगितले. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला. मात्र आपण हे पूर्वी केले आहे, हे त्याला आठवत नसे. तात्पर्य, कालचा अभ्यास न आठवणाऱ्या रुग्णालाही अभ्यासाचा लाभ होऊ शकतो.

पक्षाघातात काय बिघडते?

रक्तपुरवठा खंडित झाल्याने किंवा रक्तस्रावाने मेंदूतील पेशी नष्ट होतात. मूळ दोष हाताच्या स्नायूंत नसतो. रुग्ण मग सर्व कामे चांगल्या हाताने उरकू लागतो, घरचे लोक मायेने घास भरवतात, आणि दुर्बल हात वापरातून बाद होतो. अमेरिकेत रँडॉल्फ नुडो व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये माकडांवरील संशोधन प्रसिद्ध केले. मेंदूतील आघातानंतर ज्या माकडांकडून हाताचा सराव करून घेतला, त्यांच्यात हाताचे उरलेले क्षेत्र टिकून राहिले; सराव नसताना ते आणखी आक्रसत असे.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आघातास ३ ते ९ महिने झालेल्या २२२ रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकी एका गटाचा चांगला हात दोन आठवडे हातमोज्यात ठेवून दुर्बल हाताकडून कामे करून घेतली. या गटात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली व ती वर्षभरानंतरही टिकली. मात्र मनगट व बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्या रुग्णांनाच हा उपाय लागू पडतो.

चिकित्सकाने काय करावे?

१. चेहरा अचानक वाकडा होणे, हात गळून पडणे, बोबडे बोलणे ही लक्षणे दिसताच रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा होता ती वेळ लिहून घ्यावी आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला तत्काळ पाठवावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आतच देता येते. पांढरकवड्याहून यवतमाळ सुमारे सत्तर कि.मी. आहे, दूरच्या पोडावरील रुग्णास तर आधी पांढरकवडाच गाठावे लागते. अशा वेळी अभ्यंगात वेळ दवडू नये. गिळण्याची क्रिया बाधित असू शकते, म्हणून तोंडाने काढा किंवा पाणीही देऊ नये.

२. रुग्ण स्थिर झाल्यावर स्नेहन-स्वेदनाची योजना करताना संवेदना तपासावी, अन्यथा बधिर त्वचा भाजण्याचा धोका असतो. दुसऱ्याने हलविलेला हात सैल होतो, पण शिकत नाही. म्हणून अंग मऊ झाल्यावर लगेच रुग्णाकडून स्वतः प्रयत्न करवून घ्यावा.

३. अभ्यास त्याच्या जीवनातील असावा : बोंडातील कापूस काढणे, तुरीचे दाणे निवडणे, पेला उचलणे, सदऱ्याची गुंडी लावणे. काम किंचित अवघड, पण साध्य होणारे असावे. पुनरावृत्ती भरपूर व मध्ये विश्रांती असावी. शक्य तेथे फिजिओथेरपिस्टचे मार्गदर्शन घ्यावे.

४. घरच्यांना थांबावयास शिकवावे. रुग्ण घास तोंडाशी नेत असता त्यास वेळ द्यावा. दुर्बल हात ओढून त्याला उठवू नये. त्याने खांद्याला इजा होते.

सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो, तथापि पुढेही अभ्यासाने लाभ होतो. हातावर पोट असणाऱ्या शेतमजुरासाठी घास उचलणारी चार बोटे परत येणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून वैद्यबंधू-भगिनींनी चिकित्सापत्रावर औषधाप्रमाणे अभ्यासाचीही मात्रा लिहावी : कोणती क्रिया, किती वेळा आणि दिवसातून कितीदा.