मानेतला अडथळा आणि हृदयाची झडप

डॉपलरच्या रिपोर्टात मानेतली कॅरोटिड रक्तवाहिनी ७० टक्के अरुंद दिसली, की घरच्यांचा हिशेब तयार असतो: मेंदूकडे रक्त आधीच कमी जातं, त्यात हृदयाची झडप बदलायची म्हणजे पक्षाघात ठरलेलाच, तेव्हा आधी मान मोकळी करा. हिशेब सरळ आहे, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. २००२ साली फ्रान्समधल्या रुआँ इथे आलाँ क्रिबिए यांनी छाती न उघडता, कॅथेटरने महाधमनीची झडप पहिल्यांदा बसवली. तीच आजची टावी. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदवहीतले सुमारे २९ हजार टावी-रुग्ण तपासले गेले, तेव्हा पाचात एकाहून थोड्या अधिक जणांना कॅरोटिडचा आजार निघाला. मात्र पहिल्या ३० दिवसांतला पक्षाघात किंवा मृत्यू यांच्याशी त्याचा संबंध दिसला नाही.

असं का, हे पक्षाघात कुठून येतो ते पाहिलं की कळतं. मेंदूला चार रक्तवाहिन्या रक्त पुरवतात आणि त्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. एक हळूहळू अरुंद झाली तर बाकीच्या बरंचसं सांभाळून घेतात. झडप बसवताना बऱ्याचदा हृदयाचे ठोके मुद्दाम वाढवून रक्तदाब खाली आणतात, पण तेवढ्यापुरताच. खरा धोका उडणाऱ्या कणांचा: जुन्या झडपेवरचं कॅल्शियम, महाधमनीच्या भिंतीवरचा थर. मग हे कण जाळीत अडवले तर पक्षाघात थांबायला हवा, असा आक्षेप कुणी घेईल, आणि तो रास्त आहे. ३,००० रुग्णांच्या चाचणीत जाळी वापरलेल्यांत पक्षाघाताचं प्रमाण २.३ टक्के, न वापरलेल्यांत २.९, ब्रिटनमधल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत २.१ आणि २.२. फरक ठोस नाही. पण जाळीत कण सापडतात, हेही खरं; शिवाय ती चारही वाटा झाकत नाही, आणि काही पक्षाघात नंतरच्या दिवसांत, अनियमित ठोक्यांमुळे झालेल्या गुठळ्यांतून येतात.

कॅरोटिडचा अडथळा मला म्हणूनच गुन्हेगारापेक्षा साक्षीदार वाटतो. तो असलेल्यांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार आणि मधुमेहही सर्रास आढळतो. पुढच्या वर्षांतलं भवितव्य त्यांवर अधिक ठरतं. नोंदवही म्हणजे चाचणी नव्हे, आणि डॉपलर कुणाचा करायचा हे प्रत्येक केंद्र आपापलं ठरवतं; त्यामुळे आकडे जपूनच वाचावेत. अपवादही आहेत. नुकताच हात लुळा पडून गेला, एका डोळ्यापुढे थोडा वेळ अंधार आला, तर त्या बाजूचा तीव्र अडथळा काढणं फायद्याचं, हे १९९१ पासून सिद्ध आहे. दोन्ही बाजू फार अरुंद असतील किंवा छाती उघडून, हार्ट-लंग मशीनवर शस्त्रक्रिया व्हायची असेल, तर विचार पुन्हा करावा लागतो. लक्षणंच नसतील तर मात्र आधी मानेत स्टेंट घालणं म्हणजे पक्षाघाताचा आणखी एक धोका विकत घेणं, कारण तो त्या उपचारातही असतो. आणि मानेवर स्टेथोस्कोपने घरघर ऐकू आली एवढ्यावर तर निर्णय नकोच: झडप अरुंद असेल तर तिचाच आवाज मानेपर्यंत पोचतो.