रंग पाहण्याचे शिक्षण

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या महामार्गावर सुरतेच्या अलीकडे पलसाणा लागते. उसाच्या शेतांचा हा तालुका आता कापड रंगविण्याच्या व छापण्याच्या गिरण्यांसाठी ओळखला जातो. सुरतेच्या या परिसरात खानदेशातून पोटासाठी गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. ज्या वस्तीत रंगावरच संसार चालतात, तेथील मुलांना रंग पाहावयास कोण शिकवितो? हा प्रश्न कोणास चैनीचा वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाही. याच महामार्गावर पुढे बडोद्यास सोळा वर्षे अध्यापन केलेल्या एका मराठी चित्रकाराचे जीवन त्याचे उत्तर देऊन गेले आहे.

नारायण श्रीधर बेंद्रे यांचा जन्म १९१० साली इंदुरास झाला. तेथील चित्रशाळेत द. दा. देवळालीकर विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर नेत आणि उघड्यावर निसर्ग रंगवावयास लावीत. १८७४ साली पॅरिसमध्ये ज्यांच्या पहिल्या प्रदर्शनाची टवाळी झाली, त्या दृक्‌प्रत्ययवादी चित्रकारांचा धडा माळव्याच्या उन्हात असा पोहोचला. सावली काळी नसते, तिच्यातही निळ्या-जांभळ्या छटा असतात. झाडाचा हिरवा रंग सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असतो. हे पुस्तकात वाचून कळत नाही, पाहूनच कळते. बेंद्रे यांनी ते आयुष्यभर पाहिले.

निसर्गचित्रांनी त्यांना लौकिक दिला. पण त्या लौकिकाच्या सावलीत ते विसावले नाहीत. १९५० साली ते बडोद्याच्या नव्या ललित कला विद्याशाखेत दाखल झाले आणि शिकविता शिकविता स्वतःही नवे प्रयोग करीत राहिले. १९५५ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घनवाद झाला, अमूर्त चित्रेही झाली. विद्यार्थ्यांनी आपली नक्कल करावी असा आग्रह त्यांनी धरला नाही. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांसारखे भिन्न प्रकृतीचे कलावंत त्या वर्गांतून बाहेर पडले, हीच त्याची साक्ष. १९६६ साली बडोदे सोडल्यावर उतारवयात ते बिंदुवादाकडे वळले. शुद्ध रंगांचे असंख्य ठिपके शेजारी शेजारी ठेवावयाचे आणि त्यांचा मेळ पाहणाराच्या डोळ्यांत घडू द्यावयाचा, ही ती कष्टाची रीत. १९९२ साली ते निवर्तले. रंगावरील प्रेम म्हणजे भडकपणाची हौस नव्हे, ती एक शिस्त आहे, हे त्यांच्या चित्रांतून दिसते.

आपल्या शाळांत मात्र चित्रकलेचा तास हा गणिताला उसना देण्याचा तास ठरला आहे. उरलेल्या वेळात मुलांनी फळ्यावरचे फूल वहीत उतरवावे, आकाश निळे आणि झाड हिरवे रंगवावे, आणि परीक्षेस बसावे. डोळे उघडण्याऐवजी ते मिटण्याचेच हे शिक्षण नव्हे काय? रंगीत कापडाचे तागे विणणाऱ्या-छापणाऱ्या समाजाला रंगाची पारख नसावी, ही परवडणारी गोष्ट नाही. जो नीट पाहावयास शिकतो तो केवळ चित्रच पाहतो असे नाही. गिरणीच्या सांडपाण्याने गावच्या ओढ्याचा रंग बदलला, तर तेही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. देवळालीकरांनी केले तेवढेच करावे: आठवड्यातून एक तास मुलांना वर्गाबाहेर न्यावे, समोर दिसेल ते रंगवू द्यावे आणि शिक्षकाने मध्ये येऊ नये. किनाऱ्यावरच्या आमच्या शाळांना तर समुद्रच मिळाला आहे. तो दिवसातून कितीदा रंग बदलतो, हे तेथील किती मुलांनी आजवर कागदावर उतरविले आहे?